गाडीखालचे व्याही

सगळ्या वऱ्हाडात स्वतःच्या जिवापेक्षा ट्रेलरच्या ब्रेकला जपणारा माणूस एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला व्याही म्हणून आला. मी अचलपूरचा, संत्र्याचा बगीचा राखणारा, चौथी पास. ते अकोल्याचे, जठारपेठेतले. त्यांचा एकच ट्रेलर, आणि तो चालवतो त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई.

लग्नातच मला समजायला पाहिजे होतं. व्याहीभेटीसाठी मी हार-दुपट्टा घेऊन उभा, वाजंत्री वाजून राहिली, आणि व्याही गायब. शेवटी वऱ्हाडाच्या बसखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. "इवाई, येच्या ब्रेकची नळी झिजून रायली," खालून आवाज आला. आता हार काही पायांना घालता येत नाही. मुहूर्त आला, भेट राहून गेली. असं काही विसरणाऱ्यातला मी नाही.

त्यांच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, चपलेला तीन टाके. अंगणातला दिवा बंद, येणारा-जाणारा पायरीवर ठेचकाळतो. पण ट्रेलरचे मागचे दिवे दिवाळीसारखे. रेडियमची पट्टी दर दसऱ्याला नवी, आणि उरलेला तुकडा वाया जाऊ द्यायचा नाही म्हणून तुळशीच्या ओट्याला, माझ्या छत्रीला, एकदा तर शेजाऱ्याच्या बकरीच्या गळ्यातल्या पट्ट्याला. आग विझवायचा लाल सिलिंडर ते देवाच्या आधी पुसतात. सकाळी हातोडी घेऊन चाकाचा एकेक नट ठोकायचा आणि कान देऊन आवाज ऐकायचा, खणखणीत आला तर घट्ट, बद्द आला तर ढिला; हीच त्यांची पूजा.

मी एकदा म्हटलं, "येवढा खर्च कावून करता? तेवढ्यात माह्या बगीच्यात ठिबक झालं असतं."

"इवाई, इंजिन बिघडलं तं गाडी उभी रायते. ब्रेक बिघडला तं उभीच रायत नाई. आता सांगा, पैसा कुठं लावू?"

मी पान थुंकायला उठून गेलो.

मग धोंड्याचा महिना आला. आमच्याकडे त्यात जावयाला वाण देतात. मी चांदीचं ताट घेऊन ठेवलं होतं, गल्लीत चार जणांना दाखवूनही झालं होतं. तेवढ्यात व्याह्यांचा फोन. "ताट नोका आणू. मांगच्या चाकांचे ब्रेक लायनर आणा." विमा आणि पासिंगमध्ये त्यांचा हात रिकामा झाला होता. लायनर झिजले म्हणून आठ दिवसांपासून त्यांनी गाडी हलू दिली नव्हती, आणि हातचं घाटातलं भाडं जायला आलं होतं.

"मी जवायाले वाण देतो, गाडीले नाई," मी म्हटलं. "रीत मले कोनी शिकवाची नाई."

त्यांनी एवढंच विचारलं, "गाडीत कोन बसते, इवाई?"

मी फोन ठेवला. त्या रात्री जेवलो नाही. सकाळी ताट सोनाराला परत केलं.

अकोल्याच्या एसटीत मांडीवर लायनरचा खोका, वर तेहतीस अनारसे, त्यावर बायकोनं विणलेला रुमाल. लेकीनं लायनरला कुंकू लावलं. व्याह्यांनी एकेक लायनर नखानं वाजवून पाहिला, आणि तशाच काळ्या हातांनी मला कवटाळलं. लग्नातली भेट अशी झाली. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर दोन पंजे उमटले. तो सदरा मी धुवू दिला नाही, आणि ते कोणाला सांगितलंही नाही.

यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आला. व्याह्यांचे गुडघे गेलेत, ते खुर्चीवर बसतात. हातोडी घेऊन गाडीखाली मी शिरतो.

"वाजून रायला का बरोबर?" त्यांनी वरून विचारलं. त्यांना आता आवाज नीट ऐकू येत नाही.

"वाजते ना. खणखणीत."

खालून मला त्यांचे दोनच पाय दिसत होते. सुजलेले, त्याच तीन टाक्यांच्या चपलेतले. सगळे नट ठोकून झाले होते. तरी मी आणखी एक फेरी जरा जोरानं ठोकली, त्यांना ऐकू जाईल अशी.