दोन प्रतिष्ठित रहिवासी

पोलिसांनी मला पहिल्यांदा पंच केलं तेव्हा मी दुकानाचं काउंटरही सोडलं नव्हतं. हवालदाराने कागद पुढे केला, मी गिऱ्हाइकाला बांगड्या दाखवता दाखवता सही केली. झडती कोणाच्या घराची, तिथे काय सापडलं, काहीच विचारलं नाही. हायवेवरच्या जाम गावच्या चौफुलीपासून जवळच आमचं गाव, रस्त्यालगत माझं कटलरीचं दुकान. पोलिसांशी वाकडं कशाला घ्या, एवढंच डोक्यात. त्या सहीची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्यांदा बोलावलं ते मागच्या गल्लीतल्या भाजीवाल्या मावशीच्या घरी. मावशी एकटी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी दिल्या घरी. वावराच्या तुकड्यात वांगी, मिरच्या, टमाटर पिकवते आणि हायवेच्या कडेला बसून विकते. तिच्या घरात मोहाची दारू आहे अशी कोणीतरी खबर दिली होती. आमचा जिल्हा दारूबंदीचा. दारू कोणत्या ढाब्यामागे मिळते हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल, पण वॉरंट निघालं ते मावशीच्या नावाने.

वॉरंट खरं होतं. कोर्टाचा शिक्का होता, नाव-पत्ता बरोबर होता. मावशीला वाचता येत नाही, म्हणून मी ते दारातच वाचून दाखवलं. झडतीला आलेल्या फौजदार साहेबांनी नियमही समजावले. झडती मावशीच्या समोर होईल, गावातले दोन प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून शेवटपर्यंत हजर राहतील, सगळ्याचं मोबाइलवर शूटिंग होईल, जप्तीच्या यादीची प्रत मावशीला मिळेल. दुसरे पंच म्हणजे आमचे निवृत्त गुरुजी. ऐकून मला धीर आला. कायदा इतका नीट आहे तर भ्यायचं कशाला?

एका शिपायाने मोबाइल धरला, दुसऱ्याने ट्रंक उघडली. लुगडी, आतले कपडे, नवऱ्याचे सेवाग्रामच्या दवाखान्यातले जुने कागद, एकेक वस्तू कॅमेऱ्यासमोर उचलून खाली टाकली. मावशी भिंतीला टेकून उभी होती. मग फळीवरच्या डब्यांची पाळी आली. त्यांत तिने पुढच्या हंगामासाठी धरलेलं बी होतं. झाकण काढून बघितलं असतं तरी पुरे होतं. साहेबांनी हाताने खूण केली, शूटिंग थांबलं, आणि शिपायाने सगळे डबे एकाच ढिगात पालथे केले. वांग्याचं, मिरचीचं आणि टमाटरचं बी एकदा मिसळलं की कोणाच्या बापाला निवडता येत नाही.

"मोबाइल काऊन बंद केला?" मी विचारलं.

"बॅटरी वाचवून राह्यलो, ताई," साहेब म्हणाले.

दारू निघाली नाही. साहेबांनी बाहेर ओट्यावर येऊन पंचनामा पुढे केला. या वेळी मी वाचला. 'झडती शांततेत पार पडली, कोणत्याही वस्तूचे नुकसान झाले नाही.' हे वाक्य ठाण्यातूनच टाइप होऊन आलं होतं. मी म्हटलं, हे खोडा. बी सांडलं ते लिहा, मोबाइल बंद केला ते लिहा, काही सापडलं नाही तेही लिहा, तरच सही मिळेल. साहेबांनी आधी गोडीत समजावलं, मग आवाज चढवला. पंचाने आडमुठेपणा केला तर पंचावरही गुन्हा होतो, म्हणाले. मी म्हटलं, हजर राहायला मी नाही म्हटलं नाही, खोट्यावर सही करायला नाही म्हणते. इतका वेळ खाली बघत बसलेल्या गुरुजींनी तेव्हा कुठे खिशातून पेन काढला, ते वाक्य खोडलं, खरं ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. मग मीही केली.

प्रत घेऊन मी आत गेले. मावशी बी सुपात भरत होती. तिने कागदाला हात लावला नाही.

"माह्या घरात पाह्याले दोन प्रतिष्ठित माणसं लागले," ती म्हणाली. "मंग मी कोण हाव? अन् बाई, बी सांडलं तवा बोलली तू. माहे कपडे उपसले तवा काऊन नाई बोलली?"

कपडे उपसणं नियमात बसत होतं, म्हणून मी गप्प राहिले होते.

पंचनाम्याची झेरॉक्स जोडून गुरुजींनी आणि मी पोलिसांच्या वरच्या ऑफिसात अर्ज दिला. चौकशी चालू आहे, एवढंच उत्तर मिळतं. खोटी खबर देणाऱ्याला कोणी हात लावला नाही, ढाबा जोरात चालतो. मावशीने ते मिसळलेलं बी एकाच वाफ्यात टाकलं, पानं फुटल्यावर रोपं ओळखून वेगळी केली. त्यात तिचे कितीतरी दिवस गेले, आणि ते कोणत्याच पंचनाम्यात येणार नाहीत.

आता ती माझ्याशी बोलते, भाजीही देते. घरात मात्र बोलावत नाही.