तीन चाकं आणि माझा उजवा पाय

आम्ही जळगाव सोडलं तेव्हा थंडी अजून ओसरली नव्हती. वंदना, माझी बायको, मागच्या सीटवर डोक्याला शाल गुंडाळून बसली होती. तिच्या मांडीवर असोद्याच्या वांग्यांची पिशवी होती, माहेरी भरीत करायला. तिचं माहेर धुळ्याच्या पुढं, नरडाण्याजवळ. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी तिथं नेहमी बसनं गेलो. पोलिओमुळं माझा उजवा पाय लहानपणीच लुळा पडला. बसची पायरी उंच असते. दर वेळी सासरे, म्हणजे आबा, कोणाला तरी स्टँडवर पाठवायचे आणि तो मला काखेत धरून उतरवायचा. त्यात कोणाची चूक नव्हती. पण या वेळी मला माझ्या गाडीवरून त्यांच्या दारात उतरायचं होतं.

गाडी म्हणजे जुनी मोटारसायकल. आधीच्या मालकानं मागचं एक चाक काढून दोन चाकं बसवून घेतली होती. ब्रेकचं पायानं दाबायचं पेडलही काढून टाकीजवळ हातानं ओढायचा दांडा लावला होता. जळगावात घर ते माझं शिवणकामाचं दुकान एवढ्या अंतराला ती छान चालायची. लांबचा रस्ता मात्र तिनं आणि मी कधी एकत्र पाहिला नव्हता.

पाळधी गेलं आणि पाय बोलायला लागला. पाय ठेवायला नुसती एक लोखंडी दांडी. धडधाकट पाय तिच्यावर दाबून बसतो, माझा घसरतो. प्रत्येक खड्ड्याला तो खाली लोंबकळायचा आणि मी एक हात सोडून त्याला पँटला धरून वर ठेवायचो. शिवाय सायलेन्सरची धग. एरंडोलला चहाला थांबलो तेव्हा पोटरीत गोळा आला होता आणि मला चहाचा कपही नीट धरवत नव्हता.

"असं धुळ्यापर्यंत कसं जमेल?" वंदना म्हणाली.

"हळूहळू जाऊ."

तिनं थोडा विचार केला, पिशवीतून जुनी ओढणी काढली आणि माझा पाय दांडीला बांधून दिला. खरंच बरं वाटलं. पाय जागेवर राहिला, दोन्ही हात मोकळे झाले. पुढचा रस्ता मी पहिल्यांदाच इकडंतिकडं बघत चालवला. दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता, वेचणाऱ्या बायका वाकून पुढं सरकत होत्या. मी थकलो होतो, तरी गाडी आवडायला लागली होती.

पारोळ्याच्या अलीकडं ठेलारींचा (मेंढ्या घेऊन फिरणारे मेंढपाळ) कळप रस्त्याच्या कडेनं चालला होता. एक मेंढी बिथरली आणि तिच्यामागं सगळा कळप रस्त्यावर आला. मी हँडलवरचा एक हात सोडून ब्रेकचा दांडा ओढला. गाडी थांबायच्या ऐवजी डावीकडं फिरली. दुचाकी असती तर अंग कलतं करून सावरली असती, पण तीन चाकांची गाडी कलत नाही. डावं चाक रस्त्याखाली गेलं आणि आम्ही आडवे झालो.

मी पाठीवर पडलो होतो आणि माझा उजवा पाय वर, गाडीला बांधलेला. इंजिन चालू होतं. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकून सदऱ्यावर पडत होतं. किल्ली माझ्या हाताला पोचत नव्हती. वंदना गवतात फेकली गेली होती. ती उठली, किल्ली बंद केली आणि गाठ सोडायला लागली. वजनानं गाठ आवळली होती, ती काही सुटेना.

कळपासोबतची एक म्हातारी पुढं आली. "हाऊ पाय कसाले बांधेल शे?" (हा पाय कशाला बांधला आहे?) तिनं विचारलं, पण उत्तराला थांबली नाही. कमरेचा विळा काढून तिनं ओढणी कापली, माझा पाय दोन्ही हातांनी हळूच खाली ठेवला आणि म्हणाली, "हालू नको भाऊ. पानी पी."

पाणी पिताना मला कळलं की मी रडतोय. वंदना एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मीच बांधेल व्हता." (मीच बांधला होता.) एरवी ती माझ्याशी माहेरच्या बोलीत बोलत नाही.

एका रिकाम्या टेम्पोवाल्यानं गाडीसह आम्हाला पारोळ्यात सोडलं. तिथं युनूसभाई नावाच्या वेल्डिंगवाल्यानं चाकं उचलून पाहिली.

"ब्रेक एकट्या डाव्या चाकाला लागतोय," तो म्हणाला. "म्हणून ओढते. दोन्हीला जोडून बघतो, पण दुपार जाईल."

"मी बसनं जाते," वंदना म्हणाली. "तुम्ही पण चला."

मी युनूसभाईला काम सुरू करायची खूण केली. ती स्टँडकडं गेली नाही, तिथंच बाकावर बसून राहिली.

युनूसभाई ब्रेकला लागला तेव्हा मी पायाकडं वळलो. दांडीच्या जागी त्याच्याकडून सपाट पत्रा लावून घेतला, टाचेमागं आणि बाजूला काठ उभा केलेला, सायलेन्सरपासून लांब. त्यावर जुन्या सीटचा फोम आणि रेक्झिन मीच बसून शिवलं. पट्टा लावला नाही. काठामुळं पाय घसरत नव्हता आणि उचलला की सहज बाहेर येत होता.

गाडी तयार झाली तेव्हा वंदना उठली. "बाजाराच्या मैदानात चला," म्हणाली.

मैदान रिकामं होतं. ती मधोमध जाऊन उभी राहिली. "मी हात वर केला की थांबायचं."

"तू बाजूला हो. काही झालं तर?"

"मागं बसल्यावर पण मीच असणार ना?"

मी गाडी आणली. तिनं हात वर केला. दांडा ओढला, गाडी सरळ रेषेत थांबली. तिनं मान हलवली नाही, लांब जाऊन पुन्हा उभी राहिली. मग वेगानं, मग वळणावर. शेवटी ती माझ्याजवळ आली, वाकून पत्र्यावरचा पाय नीट आहे का ते पाहिलं आणि मागं बसली.

धुळं गर्दीतून पार केलं, सोनगीरचा किल्ला उन्हं उतरताना दिसला. नरडाण्याजवळ सासुरवाडीला पोचलो तेव्हा दोघांचीही तोंडं धुळीनं भरली होती. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्या खरचटलेल्या कोपराकडं पाहिलं, गाडीला एक फेरी मारली, दोन्ही चाकांना हात लावला. मग म्हणाले, "माले बी बसाडा, जावईबापू. गावमा एक चक्कर मारा."

अंगातला जीव गेला होता, तरी मी त्यांना मागं बसवून देवळापर्यंत नेलं. ते वाटेत भेटेल त्याला हात करत होते. जेवायला भरीत आणि कळण्याची (ज्वारी आणि उडदाची) भाकरी होती. मी जेवता जेवता पेंगलो.

परतीचा प्रवास संथ झाला. दर थांब्याला आम्ही उतरलो, पाय मोकळे केले, चहा प्यायलो. जळगावला आलो ते संध्याकाळी. वंदनानं कोमट पाण्याची बादली आणून माझ्यासमोर ठेवली.

"कुठला दुखतोय?" तिनं विचारलं.

मला थोडं थांबून बघावं लागलं. आयुष्यभर एका पायानं काम केलं आणि दुसऱ्याला मी सोबत वागवलं. आज मात्र मला फरक सांगता येईना.

"दोन्ही," मी म्हणालो, आणि तिनं दोन्ही पाय पाण्यात सोडले.