आठ घोडे, चार घोडे आणि लोणंदचा काटा

लढाई संपल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी पेट्रोलवर चालणारी करवत विकत घेतली. खरे सांगायचे तर दोन घेतल्या. आधी एक, आणि दोन दिवसांनी तिच्या बदल्यात दुसरी.

कराडलगतच्या मलकापूरला आमची लाकडाची वखार होती. मालक, म्हणजे माझे यजमान, वारल्यावर ती मी चालवत होते आणि चुलत सासऱ्यांना ते पसंत नव्हते. मालकांनी जाण्याआधी पाटणच्या वरच्या एका खाजगी रानातली साठ झाडे ठरवून ठेवली होती. भावकी बसली तेव्हा चुलत सासरे मला म्हणाले, "मिरगाच्या आत साठच्या साठ झाडं खाली आणलीस तर वखार तुझी. न्हाई जमलं तर किल्ल्या माझ्याकडं दे आणि वाईला भावाकडं जा." मिरगानंतर तिथली गाडीवाट दिवाळीपर्यंत बंद होते. हाती अडीच महिने होते. आमच्याकडे करवत ओढणाऱ्या गड्यांच्या दोनच जोड्या. ऐनाचे जाडजूड झाड एका जोडीचा निम्मा दिवस खाते. शिवाय फांद्या छाटायच्या, ओंडके करायचे, ते खाली आणायचे. कसेही मोजले तरी साठ होत नव्हती.

तेवढ्यात धाकटे दीर पलटणीतून सुटून आले. ब्रह्मदेशात ते लाकूड तोडणाऱ्या तुकडीत होते. लोणंदच्या एका व्यापाऱ्याने लष्कराचे मोडीत काढलेले सामान घेतले आहे आणि त्यात साखळीच्या दोन करवती आहेत, अशी बातमी त्यांनीच आणली. आम्ही दोघे कराडहून गाडीने लोणंदला गेलो.

कांद्याच्या गोदामात, तंबूच्या कापडांच्या ढिगामागे दोन्ही करवती होत्या. मोठी दोन माणसांनी धरायची, आठ घोड्यांच्या ताकदीची. तिचे इंजिन, पाते, साखळी आणि पलीकडच्या गड्याची मूठ असे चार भाग चार गोण्यांत बांधलेले होते. लहान चार घोड्यांची, एका माणसाने चालवायची, आणि ती सगळी एकाच गोणीत होती.

"वैनी, ही बघा," दीर मोठीवर हात ठेवून म्हणाले. "हिनं सागवान आडवं केलंय आमी. गाजर कापावं तसं."

"आणि उचलत कोण होतं?"

"माणसं हुती की."

"किती?"

"लय हुती."

मग त्यांनाही ते उत्तर पुरेसे वाटले नसावे. म्हणाले, "नुसतं घोडं बघून मशीन घ्यायचं न्हाई. वजनाला घोड्यांनी भागायचं. एका घोड्यामागं वजन जितकं कमी, तितकं मशीन चांगलं. आमचा गोरा सार्जंट रोज ह्येच सांगायचा."

सार्जंटचा नियम मला पटला. बैल घेताना आपणही नुसते अंग बघत नाही. ओढतो किती आणि स्वतःचेच ओझे किती वागवतो, हे बघतो. मी व्यापाऱ्याला दोन्ही करवती तोलायला सांगितले. त्याच्या म्हाताऱ्या तोलाराने कांद्याच्याच काट्यावर एकेक गोण चढवली आणि वजने पुकारली. मोठी एक मण आठ शेर, म्हणजे अठ्ठेचाळीस शेर. लहान चोवीस. दोन्हींना घोड्यामागे सहा शेर. बरोबरी झाली.

बरोबरीच आहे, तर मग दुप्पट कापणारी घ्यावी. दिवस थोडे होते. मी मोठी घेतली. दिरांचा चेहरा त्या दिवशी पोरासारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी, रानात नेताना कोणाच्या डोक्यावर किती ओझे द्यायचे ते ठरवायला, मी वखारीच्या काट्यावर ती पुन्हा तोलली. गोण्या उघडून, पण गोणीसकटच, एकेक भाग. बेरीज चौसष्ट शेर झाली. पुन्हा तोलली. चौसष्टच.

"काटा बिघडलाय," दीर म्हणाले.

आमचा जुना गडी विडी विझवत म्हणाला, "रोज लाकूड जोखतोय त्यो. तुमी आला म्हून बिघाडला व्हय?"

फरक सोळा शेरांचा होता आणि गोण्या चार होत्या. तेव्हा माझ्या ध्यानात आले. कांद्याच्या बाजारात गोणीमागे चार शेर कडता कापतात, माती आणि पाल्याचा. तोलाराने प्रत्येक गोणीला तो कापूनच वजन पुकारले होते. मोठीला चार वेळा, लहानीला एकदाच. मी शेजारी उभी होते. काटा कुठे थांबला ते पाहिले होते आणि त्याने काय पुकारले तेही ऐकले होते. तरी मला काही खटकले नाही, कारण ओल्या लाकडाचा आणि सालीचा कडता मी स्वतः रोज कापते. सवयीच्या कानाला ते ऐकूच येत नाही.

आता नवा भागाकार केला. मोठी, घोड्यामागे आठ शेर. लहान खरी अठ्ठावीस शेरांची, म्हणजे सात. शिवाय मोठीचे नुसते इंजिन चव्वेचाळीस शेर भरले. ते घेऊन अडीच मैलांची चढण एकट्या गड्याने चढायची, आणि वर एका झाडापासून दुसऱ्यापर्यंत सगळी करवत जोडलेलीच उचलायची.

"वैनी, कागदावर ठीक हाय. पन ऐन कागदाचा न्हाई," दीर म्हणाले.

"नियम तुमच्याच सार्जंटचा आहे, भावजी."

दुसऱ्या सकाळी चारही गोण्या घेऊन ते माझ्या आधी स्टेशनवर हजर होते.

लोणंदला व्यापारी म्हणाला, "उघडलेला माल परत कसा घेऊ?" मी तोलाराला बोलवायला लावले.

"करवतीला कसली माती आणि कसला पाला?" मी विचारले.

म्हातारा रागावला. "आवं बाई, गोणीत काय हाय त्ये बघायचं काम माजं न्हाई. गोण आली की चार शेर गेलं. माजा बा बी असंच तोलायचा."

मागून एक हमाल ओरडला, "मामा, उद्या कुनी नवरी गोणीत घालून आणली तरी चार शेर कमीच सांगशील!"

"तुला कोन देतंय नवरी? मग गोणीची काळजी कशाला!" म्हाताऱ्याने फिरून सुनावले. गोदाम हसले, व्यापारीही हसला, आणि हसल्यावर त्याला नाही म्हणता येईना. त्याने करवत बदलून दिली. किमतीतला फरक मी तंबूच्या कापडात घेतला. रानात पाल ठोकायला ते लागणारच होते.

लहान करवतीतही खोट होती. पाते आखूड. जाड खोडाला ते आरपार पोचेना, म्हणून दोन्ही अंगांनी कापावे लागे. अकरा ऐन तिच्या आवाक्याबाहेरचे निघाले, ते आमच्या जुन्या जोड्यांनी हातकरवतीने पाडले. दिरांना रोज संध्याकाळी तासभर ऐकू येत नसे, त्यामुळे जेवायला हाक मारणे व्यर्थ होते. पण करवत खांद्यावर टाकून ते एकटे चढ चढत. तिसऱ्या दिवशी पाणी प्यायला बसले असता आपणहून म्हणाले, "थोरली असती तर पयल्याच झाडाखाली सोडून आलो असतो."

साठावे झाड वखारीत पोचले तेव्हा मिरगाला नऊ दिवस होते.

चुलत सासरे दुसऱ्या दिवशी आले. ओंडक्यांच्या रांगांमधून काठी टेकत फिरले. दोनदा मोजले. मी कपबशी पुढे केली, त्यांनी उभ्यानेच चहा घेतला. किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. त्यांनी तिकडे पाहिले आणि नजर वळवली.

"गोठ्याला दार करायचंय," ते म्हणाले. "फळ्या कधी मिळतील?"

"पुढच्या बुधवारी या," मी म्हणाले. "तुमच्या आधी तिघं आहेत."