पडद्यावरचे ड्रम

माझा नवरा वॉशिंग मशीन दुरुस्त करतो आणि बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. पहिल्या कामावर घर चालतं, दुसऱ्यावर तो. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार, गाण्याच्या तळाशी राहून खालचे सूर धरून ठेवणारी. म्हणून मित्र त्याला ‘खर्ज’ म्हणतात.

लग्न झालं तेव्हा तो साधी गिटार वाजवायचा, सगळ्यांच्या पुढे उभा राहून. मग बँडमध्ये एक नवा पोरगा आला आणि यानं स्वतःहून आपली जागा त्याला देऊन टाकली. बेस गळ्यात अडकवला आणि मागे ड्रमशेजारी जाऊन उभा राहिला. त्याच्या मोठ्या मनाचे सगळ्यांनी गोडवे गायले. मी मात्र खूप चिडले होते. स्वतःच्या पायावर धोंडा कसा मारून घ्यावा हे याच्याकडून शिकावं, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलं. तो नुसता हसला.

धंद्यातही त्याचं नाव आहे. चालू मशीनवर तळहात ठेवतो, डोळे मिटतो आणि सांगतो, बेअरिंग गेलंय की पट्टा सैल झालाय. गिऱ्हाइकं तोंडात बोट घालतात. चारचौघींत मीही त्याचा हा हात पुष्कळ मिरवला आहे.

घरात मात्र दहा हाका मारल्या तरी ओ नाही. पण नवऱ्याला ऐकू जात नाही ही काय बातमी झाली? माझ्या बहिणीच्या नवऱ्यालाही जात नाही. माझा आवाज मुळात दणदणीत, त्यामुळे आमचं निभावून जायचं.

यंदा बँडनं अल्बम करायला घेतला. ड्रमवाल्याचं टायरचं दुकान आहे. त्यानं गोदामात ड्रम वाजवून रेकॉर्ड केले आणि सगळ्यांना पाठवले. त्यावर ज्यानं त्यानं घरी आपापलं वाजवून परत पाठवायचं, असं ठरलं.

आमचा स्टुडिओ म्हणजे झोपायची खोली. बेसची वायर एका छोट्या डब्यात जाते आणि डब्याची लॅपटॉपमध्ये. खोलीत बेसचा सूर येतच नाही, नुसती तारांची टकटक येते. ड्रम वाजतात ते त्याच्या कानावरच्या हेडफोनमध्ये. बटण दाबायचं काम माझं. हेडफोनचा आवाज तो एवढा मोठा ठेवायचा की पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसून मला ड्रम ऐकू यायचे. अरे, कानाचे पडदे फाटतील, मी म्हणायचे. ड्रम अंगात भिनावे लागतात, तो म्हणायचा.

भांडण व्हायचं ते स्क्रीनवरून. ड्रमचा एकेक ठोका स्क्रीनवर एकेका उंचवट्यासारखा सरकत येतो आणि मधल्या रेघेला लागला की वाजतो. ती स्क्रीन याला कायम स्वतःकडे वळवलेली हवी. बटण दाबणार मी आणि मान वाकडी करायची तीही मीच.

त्या दुपारी मुलगी शेजारी खेळायला गेली होती. दोनच गाणी राहिली होती. त्यातलं पहिलं घेतलं आणि छान चाललं होतं. लॅपटॉपचा चार्जर मी माझ्या मोबाईलपायी काढून ठेवला होता. अर्ध्या गाण्यात बॅटरी वाचवायला स्क्रीन आपोआप काळी झाली, पण लॅपटॉप चालूच होता. हेडफोनमधले ड्रम मला स्पष्ट ऐकू येत होते.

आणि नवरा थांबला. बोटं तशीच हवेत. अंधारात पायरी चुकल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

“बंद पडलं?” त्यानं विचारलं.

मला आधी हसूच आलं. वाटलं, गंमत करतोय. ड्रम तर याच्या कानावर धडधडत होते. मग कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी उठून त्याच्या पाठीमागे गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, हात वर कर. तो काळ्या स्क्रीनकडे बघत राहिला. मी मोठ्यानं म्हणाले. काही नाही. मग मी अशी ओरडले की अख्ख्या इमारतीला ऐकू गेलं असेल. त्याचा खांदा जरासा हलला.

मी पुढे येऊन त्याच्यासमोर बसले. इतकी वर्षं मी कुणाशी बोलत होते, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

त्यानं हेडफोन काढले, बेस बाजूला ठेवला, आणि माझ्या ओठांवर नजर ठेवून एकेक सांगत गेला. आधी बारीक आवाज गेले. पक्षी, दाराची घंटा, गिटारच्या बारीक तारा. डॉक्टरनं सांगितलं होतं, नस गेली आहे, परत यायची नाही.

“मोठं मन वगैरे काही नव्हतं गं,” तो म्हणाला. “मी काय वाजवतोय ते मलाच ऐकू येत नव्हतं. जाड आवाज तेवढे उरले होते, म्हणून बेस घेतला.”

आता तेही गेले होते. तालमीला तो बूट काढून उभा राहायचा, जमिनीतून ड्रम पायाला लागावेत म्हणून. अल्बमची आतापर्यंतची गाणी त्यानं उंचवटे बघून वाजवली होती. एकूण एक.

मग मला राग आला, आणि तो आवरेना. बायको आहे की शेजारीण? मला का नाही सांगितलं?

“सांगितलं असतं तर तू लिहून बोलायला लागली असतीस,” तो म्हणाला. “मला तुझं बोलणं हवं होतं. अर्धं तर अर्धं.”

मी ड्रमवाल्याला सांगायचं म्हणून फोन उचलला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आज ना उद्या त्यांना कळणारच. नवऱ्यानं माझं मनगट धरलं. कळलं तर ते मला प्रेमानं खुर्चीवर बसवतील आणि वाजवायला दुसरा आणतील, म्हणाला. दोन गाणी होऊ दे. अजून हे कुणालाही माहीत नाही.

तेवढ्यात मुलगी आली. दुसरीत आहे. दारातून हाक न मारता पलंगाला वळसा घालून ती बाबाच्या समोर उभी राहिली, गुडघ्यावर दोनदा टिचकी मारली, त्यानं वर बघेपर्यंत थांबली, आणि मग तोंड मोठं उघडून सावकाश म्हणाली, भूक लागली. हे मी रोज बघत होते. मला ते लाड वाटायचे.

तो चार्जर लावायला पाठमोरा वाकला. मी तिला विचारलं, तू बाबांना अशी टिचकी का मारतेस?

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे. नवरा आमच्यापासून हातभर अंतरावर होता. तिनं आवाज जरासुद्धा खाली आणला नाही.

“त्यांना ऐकू येत नाही ना,” ती म्हणाली. “पण तू कुणाला सांगू नकोस हं, आई. नाहीतर त्यांची गिटार काढून घेतील.”

स्क्रीन उजळली. तो वळला आणि आमच्या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत राहिला. मी फोन पलंगावर टाकला, त्याच्या समोर जाऊन बसले आणि म्हणाले, “चल, पुन्हा घेऊ.”