कवीच्या रकान्यात
काल ऑफिसात मोबाइलवर आयर्लंडच्या एका नव्या पोरीचं गाणं लागलं; खाली लिहिलं होतं, शब्द आणि चाल तिचीच, आणि मला हिंदी मुलखातल्या आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातला मराठी मंडळाचा गणपती आठवला, मांडवभर शेवंतीचा आणि उकळत्या चहाचा वास. एका वर्षी धाकट्या बहिणीनं गिटारवर स्वतःचं गाणं बांधलं होतं, पण मंडळाच्या स्पर्धेत स्वतःची रचना चालत नसे, म्हणून फॉर्मवर कवीच्या रकान्यात मीच तिला न विचारता ‘पारंपरिक’ लिहून दिलं. ती गायला लागली तसा नीट ऐकू यावं म्हणून कोणीतरी घरघरणारा पंखा बंद केला. परीक्षक म्हणाले, "असं आता कोण लिहितं? हे आपल्या आज्या-पणज्यांचं लेणं." तिनं माझ्याकडे पाहिलं, मी टाळ्या वाजवत राहिलो. घरी जाताना ती म्हणाली, "दादा, तू काहून बोलला नाही?" मी म्हटलं, "पहिला नंबर भेटला ना तुले." त्यानंतर तिनं एकही गाणं केलं नाही. मंडळात मात्र तेच गाणं दरवर्षी म्हणतात. यंदा मांडवात माझ्यासमोरच तिच्या मुलीनं तिला विचारलं, "मम्मी, ये किसका गाना है?" ती म्हणाली, "जुनं आहे बेटा, कोणाचंच नाही."