पाठीमागून आलेली हाक

दव पडलेल्या गवतावर चुना टाकला की एक वास सुटतो. भिंतीला नुकती सफेदी केल्यासारखा, पण त्यात चिरडलेल्या गवताचा ओला हिरवेपणा मिसळलेला. आज सकाळी चौबे कॉलनीपलीकडच्या मैदानावर आम्ही फिरायला गेलो तेव्हा एक माणूस चाकं लावलेल्या डब्यातून चुन्याची रेघ ओढत चालला होता. लांब रेघ संपवून तो गोलसमोरच्या चौकोनाकडे वळला, आणि माझ्याबरोबर चालणारी ही एकदम थांबली. कडेला मुली बूट बांधत बसल्या होत्या, दोघी जणी खांबांना जाळी अडकवत होत्या. हिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे अर्धवट मिटून तिने तो वास आत घेतला, आणि मला कळलं की आता थोडा वेळ ती माझ्याबरोबर नाही. ती बिलासपूरला, वडिलांच्या रेल्वे कॉलनीतल्या मैदानावर, दोन खांबांच्या मध्ये उभी आहे. आणि तिच्या समोर, तिच्याकडे पाठ करून, ती दुसरी उभी आहे.

हेवा, असूया, मत्सर असे चांगले चांगले शब्द मराठीत आहेत. मी आकड्यांचा माणूस आहे, नेमकं बोललेलं मला बरं वाटतं, म्हणून नेमकंच सांगतो. मी त्या दुसरीवर जळतो, इतक्या वर्षांनीही.

ती दुसरी मला पहिल्यांदा दिसली तेव्हा रायपूर छत्तीसगढची राजधानी होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. भोपाळहून फायली ट्रकांतून येत होत्या, भाड्याने घेतलेल्या बंगल्यांवर खात्यांच्या पाट्या लागत होत्या, रस्ते रुंद करायला म्हणून उकरलेले होते आणि घरमालकांची बोलण्याची ढब बदलली होती. शहराला स्वतःच्या मोठेपणाची अजून सवय झाली नव्हती. नव्या बुटांत चालणाऱ्या माणसासारखं ते जरा लंगडतच होतं. त्या लोंढ्यात बदली होऊन आलेल्यांपैकी ती एक. एका संध्याकाळी बूढ़ापाऱ्याच्या गल्लीत आम्ही पडद्याचं कापड बघत होतो. स्कूटरींचे हॉर्न, तळ्याकडून येणारा दमट वारा, आणि त्या सगळ्या गोंगाटातून मागून कुणीतरी खणखणीत ओरडलं, "कीपर!" दुकानात कुणाचंही लक्ष गेलं नाही. हिच्या हातातलं कापड मात्र गळून पडलं. ती ज्या वेगाने वळली त्या वेगाने वळताना मी तिला तोपर्यंत पाहिली नव्हती आणि त्यानंतरही पाहिलेली नाही.

हिचं स्थळ घेऊन आलेल्या मामांनी विणकाम सांगितलं होतं, पुरणपोळी सांगितली होती, मॅट्रिकचे टक्केही सांगितले होते. मुलगी गोलकीपर आहे हे त्यांना सांगण्यासारखं वाटलं नसावं. लग्नानंतर केव्हातरी ही म्हणाली होती, "शाळेत खेळत होतो काही काही," आणि मी ते लंगडी-खोखोच्या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. आता गल्लीच्या मधोमध दोघी एकमेकींचे खांदे धरून हसत होत्या आणि मागे स्कूटरवाले खोळंबले होते. ही तिला "बॅक" म्हणत होती. गोलच्या पुढे उभी राहून बचाव करणारी ती बॅक. वयाने हिच्याहून लहान, म्हणून मी लगेच भांटो झालो. छत्तीसगढीत मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला तसं म्हणतात. मी मनातल्या मनात तिचं नाव बॅकबाई ठेवलं.

त्या वर्षीच्या नवरात्रात अमेरिकेत देशोदेशींच्या बायकांच्या फुटबॉलची मोठी स्पर्धा भरली होती. तिकडची संध्याकाळ ती आपली पहाट. केबलवर सामने दिसतात याचा पत्ता बॅकबाईने लावला, आणि तिच्या घरी टीव्हीच्या खोलीत सासरे झोपत असल्यामुळे आमचं घर ठरलं. उजाडायच्या आत तिची मोपेड खाली फटफटायची. येताना ती डब्यात गरम फरे आणायची, तांदळाच्या पिठाच्या त्या वाफवलेल्या वळकट्या, वरून तिळाची फोडणी. दिवाणावर दोघी पाय वर घेऊन बसायच्या, मधे डबा. मी वेताच्या खुर्चीवर. तिथून टीव्हीचा पडदा तिरपा दिसतो.

भारताचा संघ त्या स्पर्धेत नव्हता, त्यामुळे जिंकावं कुणी याबद्दल घरात काही ठरलेलं नव्हतं. ही दोन्ही बाजूंच्या कीपरकडून असायची. बॅकबाई दोन्ही बाजूंच्या बॅककडून. पण खरं सांगायचं तर त्या सामन्यापेक्षा मी त्यांनाच जास्त पाहत असे. चेंडू अजून मधल्या वर्तुळात असायचा आणि ही म्हणायची, "गई." बॅकबाई होकार द्यायची, "हव." मग कितीतरी वेळाने ती डावीकडची मुलगी खरोखर जागा सोडून पुढे गेलेली दिसायची. किंवा बॅकबाई नुसती जीभ टाळ्याला लावून आवाज करायची आणि ही मान हलवायची. वाक्य कुणीच पूर्ण करत नव्हतं. आमच्या घरात वाक्यं पूर्ण होतात. कर्ता, कर्म, क्रियापद, वर एकदा खुलासा. मला वाटत असे की हे आमच्या संसाराचं चांगलं लक्षण आहे.

मीही हात-पाय मारले. गटांचे गुण, गोलफरक, कुणाला बरोबरी पुरेल आणि कुणाला दोन गोलांनी जिंकावं लागेल, हे मी तोंडी मांडून ठेवत असे. एका पहाटे मी ते सगळं सांगितलं. चुकलं काहीच नव्हतं. बॅकबाईने फरा संपवला, बोटं चाटली आणि म्हणाली, "भांटो, जोड़ तो तुम्हर बढ़िया हे. फेर बॉल ला गिनती नइ आवय."

"काय म्हणते?" मी हिला विचारलं.

"म्हणते का चेंडूले गणित येत नाही," ही म्हणाली, आणि दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. मीही हसलो. त्या हसण्याचा मला फार त्रास झाला.

त्याच आठवड्यात तो प्रसंग आला जो माझ्या डोक्यातून जात नाही. पडद्यावर एक उंच चेंडू गोलच्या तोंडाशी उतरत होता. निळ्या जर्सीतली बॅक त्याच्या अगदी खाली होती, पाय उचलून लाथाडायचंच बाकी होतं. तिने पाय तसाच खाली घेतला, मान वाकवली, आणि मागून धावत आलेल्या कीपरने चेंडू छातीशी धरला. मला काहीच कळलं नाही. मी म्हणालो, "हिने सोडला कशाला? पायाशी तर होता."

"कीपरनं हाक दिली नं," ही म्हणाली. "छोड़ म्हटलं का सोडायचा."

"कीपर दिसत कुठे होती तिला?"

"दिखने का क्या काम, भांटो?" बॅकबाई म्हणाली. "पलट के देखना मना है. ये पीछे से बोली 'छोड़', तो मैंने छोड़ दिया. बॉल पाँव पे रहे, तब भी."

"आणि ही चुकली असती तर?"

"तो गोल होता. मैं पलट के देखती, तब भी गोल होता. तो काहे देखूँ?"

मी त्या उत्तरात चूक शोधली. सापडली नाही. माझी नोकरी लेखापरीक्षणाची. दुसऱ्याने केलेली बेरीज पुन्हा करून पाहण्याचाच मला पगार मिळतो, आणि ती सवय कचेरीतून घरी चालत येते. हिने गॅस बंद केला की जरा वेळाने मी जाऊन कळ चाचपतो. हिने दाराला कुलूप लावलं की मी एकदा ओढून पाहतो. यात तिच्यावर अविश्वास असा काही नव्हता. ती अशा गोष्टींत चुकतही नाही. पण त्या पहाटे खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या मनात आलं की तिची हाक ऐकून पायाशी आलेली गोष्ट न बघता सोडून देणारं एक माणूस या जगात आहे, आणि ते दिवाणावर बसून माझ्या घरचा चहा ओरपतं आहे. या बाईला हिचा जो भाग मिळाला होता तो मला कुणी देऊ केला नव्हता. मी मागितलाही नव्हता, कारण तो असतो हेच मला माहीत नव्हतं.

उपांत्य सामन्याच्या दिवशी बॅकबाई आली नाही. तिच्या दिराकडे देवीचं काही होतं. मला बरं वाटलं. मी उठून चहा केला, दोन कप घेऊन आलो आणि दिवाणावर, तिच्या जागी बसलो. ही जरा सरकली. पिवळ्यांचा आणि लालांचा सामना जोरात चालला होता. मी मुद्दाम कमी बोलत होतो. एकदा "गई" म्हणून पाहिलं. हिने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"तुम्ही त्या खुर्चीवरच बसा नं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "इथं बसले का मले डावा कोपरा दिसत नाही."

मी खुर्चीवर जाऊन बसलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून दूध वर येत असल्याचा वास आला. ही धावत गेली, गॅस बंद करून धावत परत आली. मी उठलो. पाय आपोआपच तिकडे वळले होते. कळ चाचपली, बंद होती, असणारच होती. परत आलो तर पडद्यावर पिवळ्या मुली एकमेकींना मिठ्या मारत होत्या.

"काय झालं?"

"गोल."

"कसा?"

तिने पुन्हा दाखवलेला गोल शेवटपर्यंत पाहिला. मग म्हणाली, "बॅकले सांगीन."

दुपारी बॅकबाईचा फोन आला. मी शेजारच्या खोलीत होतो. घर लहान, सगळं ऐकू येतं. ही सांगत होती, "कीपर ने बोला था रे. मुँह दिख रहा था उसका, पूरा चिल्लाई. पर उसकी बॅक ने पलट के देखा. हव... एक ही बार. बस, उतने में." मग पलीकडून बॅकबाई काहीतरी म्हणाली असावी, कारण ही खूप हळू, खूप मऊ आवाजात म्हणाली, "तू नहीं देखती थी."

त्या बोलण्यात मी कुठेही नव्हतो. मला टोमणा मारायचा तिचा हेतू असता तर मी त्याला उत्तर दिलं असतं. माझ्या गॅसच्या कळीचा विचारही तिच्या मनात नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

स्पर्धा संपली. पुढच्या उन्हाळ्यात बॅकबाईची अंबिकापूरला बदली झाली. मला वाटलं, आता सुटलो. पण समोर असलेल्या माणसाचे दोष तरी दिसतात. ती चहा ओरपते, उष्टी बोटं दिवाणाच्या चादरीला पुसते, माझ्या मेहनतीच्या गोलफरकाला हसते. लांब गेल्यावर यातलं काही राहिलं नाही. उरली ती फक्त गोलसमोर पाठमोरी उभी असलेली सडपातळ पोट्टी, जिची मान कधी वळली नाही. तिच्याशी कोण स्पर्धा करणार? मोबाइल आले, तशा दोघी आता आठवड्यातून एकदा तरी बोलतात. अजूनही वाक्यं अर्धीच सोडतात. मी अजूनही शेजारच्या खोलीत असतो.

शहर सावरलं. राजधानी तिकडे नव्या रायपूरला, रुंद मोकळ्या रस्त्यांवर सरकत गेली, बंगल्यांवरच्या पाट्या उतरल्या. मुलींना आता तळाला खिळे असलेले बूट मिळतात, कीपरला हातमोजे मिळतात. ही उघड्या हातांनी चेंडू धरायची, हे मला तिच्या करंगळीचं जुनं वाकडेपण इतकी वर्षं पाहूनही बॅकबाईकडून कळलं. किती गोष्टी आपल्या घरातच आपल्याला तिरप्या दिसत राहतात, आणि आपण समजतो की पडदाच तसा आहे. वेळ गेला की अंतर कमी होतं असं लोक म्हणतात. माझा अनुभव इतकाच, की खुर्ची जिथे ठेवली होती तिथेच होती.

आज सकाळचं सांगायचं राहिलं. फिरायला निघताना हिने दाराला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन ती जिन्याकडे वळली. मी माझ्या पद्धतीने हात पुढे केला. बोटं कुलपाला लागलीही होती. मागून, दोन पायऱ्या खालून आवाज आला, "छोड़."

मोठ्याने नव्हता. चिडलेलाही नव्हता. पडद्याच्या कापडाच्या दुकानात बॅकबाईची हाक आली होती त्या जातीचा, आखूड आणि पक्का. मी तो आवाज तिच्या तोंडून माझ्यासाठी पहिल्यांदाच ऐकला. तिने तो ठरवून दिला की तोंडातून निसटला, मला माहीत नाही; विचारलं नाही. मी हात खाली घेतला आणि तिच्यामागून जिना उतरलो. मैदानापर्यंतचा सगळा रस्ता मला बोटांना कुलपाचं थंड लोखंड जाणवत होतं. परत जाऊन यावं असं प्रत्येक वळणावर वाटलं. त्यात तो चुन्याचा वास आला, आणि ही बिलासपूरला निघून गेली, आणि मी पुन्हा त्या पाठमोऱ्या पोट्टीवर जळत उभा राहिलो. तिला हे किती सोपं गेलं असेल, असं मनात आलं. तिच्या मागे ही उभी होती. मग मागे न वळता बराच वेळ मुलींचा खेळ पाहत राहिलो, कारण माझ्याही मागे हीच उभी होती.

घरी परतलो तेव्हा ती पुढे होती. किल्ली तिच्याच हातात. ती कुलपाशी पोचली तेव्हा मी खालच्या पायरीवर थांबलो आणि समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या वड्यांकडे पाहू लागलो. खटका वाजला असेल किंवा नसेल. दार उघडल्याचा आवाज आला, मग आतून भांड्यांचा. कुलूप नीट लागलं होतं की नाही, ते तिला ठाऊक.