अकरा वर्षांची पावणी

भाऊ, एक सांगा, विश्वास कुणावर ठेवायचा? गोड बोलणाऱ्यावर की लिहून देणाऱ्यावर? मी शाळा सातवीत सोडली. बाकीचं शिक्षण नारायणगावात दोर-ताडपत्रीच्या दुकानात झालं. आमच्या भाडेकरू संघाच्या मीटिंगा तिथंच, ताडपत्रीच्या गठ्ठ्यांवर बसून व्हायच्या. गठ्ठे विकले गेले, किस्से मात्र साचत राहिले!

*

संघ काढला एका रिटायर्ड हेडमास्तरांनी. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. पहिल्याच मीटिंगला त्यांनी विचारलं, "भाड्याची पावती किती जणांकडं आहे?"

एकही हात वर नाही. गुरुजी माझ्याकडं वळले. "शेठ, तुम्ही पावशेर खिळ्यांचं बिल देता. आणि स्वतः?"

म्हटलं, "आमचा मालक घरचाच माणूस हाय, गुरुजी."

"असं? मग मीटिंगला कशाला आलात?"

*

पहिली केस हिराबाईची. आहुप्याकडची बाई. नवऱ्यामागं एकटीनं ड्रायव्हर लोकांची खानावळ चालवायची, अकरा वर्षं एकाच गाळ्यात. मालक अण्णा. तोंडात साखर! समोर कुणीही येवो, "या पावणं!"

मोबाइल नवे नवे आले होते. अण्णांच्या पोराला मोबाइलचं दुकान टाकायचं होतं, म्हणून अण्णांनी हिराबाईचं पाणी तोडलं. गाळा गेला असता तर तिची चूलच विझली असती.

आम्ही दहाजण गेलो. अण्णा म्हणाले, "पाइपात हवा धरलीय, पावणं!"

हिराबाई म्हणाली, "मग आज गिऱ्हाइकाला हवाच वाढते. वर पाटी लावते, 'अण्णांच्या कृपेनं'!"

संध्याकाळी पाणी आलं.

*

मग अण्णांनी भाडं घ्यायचंच बंद केलं. म्हणजे उद्या म्हणायला मोकळे, "बाई भाडं देत नाय, काढा तिला!"

गुरुजींनी सांगितलं, "मनिऑर्डर कर."

पोस्टमन पैसे घेऊन अण्णांच्या ओट्यावर. अण्णांनी ऐटीत फॉर्मवर लिहिलं, "घेणार नाही." खाली लफ्फेदार सही!

परत आलेला तो फॉर्म गुरुजींनी कपाळाला लावला. "अण्णांनी जन्मात पहिल्यांदा काहीतरी लेखी दिलं!"

*

संघात एक मेंबर लई तावातावानं बोलायचे. "मालक लोकांना धडा शिकवला पायजे!" पुढं कळलं, मंचरला त्यांच्या स्वतःच्या दोन चाळी!

विचारलं तर म्हणतात, "तिकडं मी मालक. हितं भाडेकरू. मी हितलं बोलतोय, राव!"

*

शेवटी अण्णा आणि हिराबाई, दोघांना माझ्या दुकानात समोरासमोर बसवलं. अण्णा नवाच डाव घेऊन आले. "भाडेकरू कसली? आमची पावणी हाय ती! ऱ्हायली अकरा वर्षं, आमी काय बोललो का? पण पावण्यानं कवातरी जायाला नको?"

गुरुजी कायद्याचं पुस्तक चाळायला लागले.

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी," हिराबाई म्हणाली. "पावणी तर पावणी."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी खानावळीला कुलूप घालून ती अण्णांच्या घरी गेली आणि पाट ओढून बसली. अण्णांच्या बायकोला म्हणाली, "काकू, पावणी आलीय. वाढा!"

काकूंनी पहिल्या दिवशी पुरणपोळी वाढली. दुसऱ्या दिवशी भाजी-भाकरी. तिसऱ्या दिवशी हिराबाईला ताट दिलं आणि अण्णांपुढं पावतीपुस्तक वाढलं!

हिराबाईनं परत आलेले मनिऑर्डरचे पैसे पुढं ठेवले. अण्णांनी मुकाट लिहिलं, 'गाळ्याचे भाडे मिळाले.' सही केली.

हिराबाईनं पावती दोनदा वाचून घडी घातली. मग कनवटीची पिशवी सोडली आणि आपल्या खानावळीच्या रेटनं तीन ताटांचे पैसे अण्णांपुढं ठेवले.

अण्णा ओशाळले. "आगं, ह्ये कशाला? पावण्याकडनं कुणी जेवणाचं पैसं घेतं व्हय?"

"म्हणूनच देतेय, अण्णा. घ्या वहीत मांडून. आन् आजपासनं खरं आसंल त्येच मांडा."